एमओटीचा इतिहास खालून वर वाचा

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो. नोकरीसाठी इंग्लंडात येऊन सहा महिने झालेत, हॉस्पिटलच्या पाळ्या आणि बसच्या वेळा जुळत नाहीत, आणि अडीच हजार पौंडांच्या आत गाडी हवी आहे. दोन पेट्रोल हॅचबॅक नजरेत आहेत. चंदेरी गाडी २०११ची, ६१ हजार मैल चाललेली, डीलरकडे उभी, आणि २०२१ ते २०२४ या चारही वर्षी एमओटीत, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक सुरक्षा तपासणीत, एकही शेरा न येता पास. निळी गाडी २०१०ची, ९८ हजार मैल, एका निवृत्त गृहस्थांची. ती २०२२ आणि २०२४ला नापास झाली होती, आणि २०२०मध्ये तिच्या नावावर सहा महिने एमओटीच दिसत नाही. घरच्यांचं म्हणणं, नापास झालेली गाडी घ्यायचीच कशाला? डीलर म्हणतो, ‘बारा महिन्यांचा नवा एमओटी देतो, क्लीन हिस्टरी आहे.’ तर चंदेरी घ्यावी का?

मी सोळा वर्षं इथल्या गॅरेजांमध्ये काम करतोय, त्यातली अकरा टेस्टर म्हणून. गाडी न बघता ‘हीच घ्या’ असं सांगणारा माणूस एक तर विकणारा असतो, नाही तर तुमचा चुलतभाऊ. पण दोन्ही इतिहासांतल्या ओळी तुम्ही उतरवून दिल्यात, त्यावरून एवढं नक्की सांगता येतं: मला निळ्या गाडीची भीती वाटत नाही, चंदेरीची वाटते. का, ते सविस्तर लिहितो.

तुमची खरी अडचण पास-नापासची नाहीच. एमओटीला आपण शाळेच्या निकालासारखं वाचतो. पहिल्यांदा पास झाला तो हुशार, दोनदा बसला तो ढ. पण एमओटी म्हणजे त्या एका दिवशी, त्या एका तासात, गाडी रस्त्यावर चालवायला किमान सुरक्षित होती एवढाच दाखला. दुसऱ्या दिवसाचीसुद्धा हमी नाही. कित्येक जण या तपासणीला आपल्याकडच्या पासिंगसारखं समजतात. आपल्याकडे खाजगी गाडीचा पंधरा वर्षांनी आरटीओशी संबंध येतो. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी रॅम्पवर चढते. ही पद्धत १९६०ला सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्या तपासत होते. इतक्या गाड्या नापास झाल्या, की पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ला तीन वर्षांवर आणली. नावातलं ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ केव्हाच गेलं, एमओटी राहिलं.

दरवर्षी तपासणी होते म्हणूनच हा इतिहास मोलाचा आहे. सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर प्लेटचा नंबर टाकला, की फुकटात २००५पासूनचे सगळे निकाल दिसतात. (उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी, तिथे पहिली टेस्ट चौथ्या वर्षी, आणि ऑनलाइन नोंदी २०१७पासूनच्या.) तारीख, मैल, नापास होण्याची कारणं आणि अ‍ॅडव्हायझरी. ही अ‍ॅडव्हायझरी म्हणजे टेस्टरचा शेरा: ‘आज पास करतोय, पण हे बिघडायला लागलंय, लक्ष ठेवा.’ चौदा वर्षांच्या गाडीचे असे अकराएक वर्षांचे शेरे ओळीनं मिळतात. ते वाचलेत तर टेस्टरने मालकाला लिहिलेली पत्रं वाचल्यासारखं होतं. मालकाचं उत्तर तिथे लिहिलेलं नसतं, पण पुढच्या वर्षीच्या पत्रावरून ते कळतं.

म्हणून माझी पहिली सूचना: पान उघडलं की सगळ्यात वरची, ताजी ओळ सोडून द्या. सगळ्यात खाली जा, पहिल्या टेस्टपासून वर या. प्रत्येक शेऱ्याला एकच प्रश्न विचारा, की पुढच्या वर्षी याचं काय झालं?

आता निळी गाडी. २०१९पर्यंत तिची टेस्ट दर एप्रिलला होत होती. २०२०ला ऑक्टोबरमध्ये झाली, आणि तिथून पुढे ऑक्टोबरमध्येच होतेय. तुम्हाला वाटलं मालकाने सहा महिने एमओटीशिवाय गाडी चालवली. तसं नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत सरकारने ३० मार्च ते ३१ जुलै २०२० या काळात मुदत संपणाऱ्या गाड्यांना सहा महिने वाढवून दिले होते. एप्रिलची मुदत ऑक्टोबरवर गेली आणि तिथेच राहिली. त्या वर्षीची अशी पोकळी मला रोज दिसते, तिचं काही मनावर घेऊ नका. उलट वाढीव मुदत संपल्यावर गाडी वेळेत टेस्टला आली, यावरून मालक तारखा पाळणारा दिसतो. २०२० सोडून दुसऱ्या कुठल्या वर्षी आठ-दहा महिन्यांची पोकळी असती तर मात्र विचारलं असतं. तेव्हाही उत्तर साधं असू शकतं: गाडी रस्त्यावरून काढल्याचं कळवून अंगणात उभी ठेवली, मालक परदेशी गेले, असं काहीतरी. पण उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक धरतात, टायरच्या कडांना भेगा पडतात, म्हणून उत्तर हवंच.

मग नापास. २०२२ला मागची एक कॉइल स्प्रिंग तुटलेली. इथल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि हिवाळ्यातलं मीठ यांमुळे स्प्रिंग तुटणं हे आमच्याकडे सर्दीइतकं नेहमीचं. चार दिवसांनी पास, मैल तेवढेच. म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी थेट परत आणली. २०२४ला दोन टायर झिजलेले, हेडलाइटचा झोत बरोबर पडत नव्हता, आणि नंबर प्लेटवरचा दिवा गेलेला. पुन्हा त्याच आठवड्यात पास. टायर झिजवून आणणं हा निष्काळजीपणा आहे खरा (कायद्याने खोबणी कमीत कमी १.६ मिलिमीटर हवी), पण दोनशे पौंडांच्या आतला विषय. आणि हेडलाइटच्या झोतावरून नापास झालेल्या गाड्यांबद्दल मी बोलायला लागलो तर जेवण थंड होईल.

नापास होणं म्हणजे टेस्टरने दोष पकडला आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय सोडलं नाही. त्या दोषापुरती ती गाडी आता नेहमीपेक्षा बरी आहे. मला निळ्या गाडीत आवडलेली गोष्ट तर वेगळीच आहे. तुम्ही दिलेल्या ओळींत २०१७ला पुढच्या ब्रेक डिस्क झिजल्याचा शेरा आहे. २०१८ला तो नाही, पुढेही कधी नाही. २०१९ला उजव्या पुढच्या आर्मचा बुश (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या सांध्यातलं रबर) झिजलेला. २०२०ला तो गेला आणि त्याच्या जागी डाव्या बाजूचा आला, २०२१ला तोही गेला. दरवर्षी शेरे आहेत, पण दरवर्षी नवे. हा मालक टेस्टरचं ऐकतो. अशा माणसाची ९८ हजारांची गाडी मी न ऐकणाऱ्याच्या साठ हजारांच्या गाडीआधी घेईन.

(शेऱ्यांतला ‘नियरसाइड’ म्हणजे फुटपाथकडची, डावी बाजू, आणि ‘ऑफसाइड’ म्हणजे चालकाची, उजवी. हा घोळ घालून लोक गॅरेजवाल्याशी भांडतात म्हणून सांगितलं.)

एक तांत्रिक गोष्ट. २० मे २०१८पासून दोषांचे वर्ग बदलले. ‘डेंजरस’ आणि ‘मेजर’ असेल तर नापास, ‘मायनर’ असेल तर पास पण दुरुस्त करून घ्या, आणि त्याशिवाय अ‍ॅडव्हायझरी. त्याआधीच्या नोंदींत फक्त नापासची कारणं आणि अ‍ॅडव्हायझरी दिसतात. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला असेल तर मेजर धरायचं, हाही नियम त्याच दिवसापासूनचा. पेट्रोलच्या जुलै २००३नंतरच्या आणि डिझेलच्या जुलै २००८नंतरच्या गाड्यांना तो लागतो. म्हणून २०१७पर्यंत स्वच्छ आणि २०१८ला अचानक नापास, असं दिसलं तर गाडी बिघडली असं लगेच समजू नका, नियम कडक झाला असेल. ‘डेंजरस’ शब्दाने मात्र थांबायला हवं. एका टायरची तार बाहेर आली तरी डेंजरस लागतो, तेव्हा तो एकदा दिसला म्हणून गाडी टाकून देऊ नका. पण तीन वर्षांत दोनदा दिसला तर तो मालक गाडी पूर्ण मोडेपर्यंत चालवणारा आहे.

आता चंदेरी. इथे जरा वेळ घेतो.

२०१९ला तिला तीन शेरे होते: पुढच्या दोन्ही आर्मचे बुश, मागचे ब्रेक पाइप गंजलेले, पुढच्या सबफ्रेमला (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट) गंज. २०२०ला तेच तीन, शब्द न शब्द तेच, वर इंजिनमधून तेलाची किरकोळ गळती. २०२१ला सगळं गायब. तिथून २०२४पर्यंत चारही वर्षं कोरी पानं. त्याच काळात मैलही बदलले. २०२०पर्यंत गाडी वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास चालत होती, त्यानंतर जेमतेम हजार.

याचे दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही शक्य आहेत. पहिला असा, की २०२१ला कोणीतरी चांगला खर्च केला. सबफ्रेम बदलली, पाइप नवे टाकले, बुश घातले, गळती थांबवली, आणि मग गाडी घरातल्या कोणाला बाजारहाटापुरती दिली. तसं असेल तर ही गाडी उत्तम आहे. आणि मग त्या कामाच्या पावत्या असतील, कारण ते काम काही शे पौंडांचं आहे आणि एवढे पैसे घातलेला माणूस पावती फेकत नाही.

दुसरा अर्थ असा, की काहीच दुरुस्त झालं नाही, टेस्टर बदलला. हे सांगताना माझ्याच धंद्याला दोष देतोय, पण अ‍ॅडव्हायझरी लिहिणं बऱ्याच अंशी टेस्टरच्या हातात असतं. नापास करण्याजोगा दोष लिहावाच लागतो. नापासच्या अलीकडचा दोष मात्र एक टेस्टर चार ओळींत लिहितो आणि दुसरा काहीच लिहीत नाही. गाडीखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढून बघण्याचा आम्हाला अधिकार नाही. टेस्टमध्ये काहीही खोलायचं नसतं. गंजाच्या जागी खास हत्याराने हलकं ठोकून बघता येतं, भोसकून नाही. वरून काळं अंडरसील (गंज रोखणारा लेप) फासलेलं असेल तर खाली पत्रा आहे की नुसताच रंग, हे ठोकून जेवढं कळेल तेवढंच कळतं. म्हणून कोऱ्या पानाचा अर्थ ‘दोष नाही’ असा नसतो, ‘दोष लिहिलेला नाही’ एवढाच असतो.

बुश बदलले जातात, टायर बदलले जातात, गळतीसुद्धा थांबते. गंज आपोआप जात नाही. हे एकच वाक्य तुम्ही इथून घेऊन गेलात तरी माझं टायपिंग फुकट गेलं नाही. ब्रिटनमध्ये थंडीत रस्त्यावर बर्फ होऊ नये म्हणून मीठ टाकतात, ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं, आणि बारा-चौदा वर्षांच्या गाड्या शेवटी इंजिनने नाही, पत्र्याने जातात. एमओटीत गंज सगळीकडे मोजत नाहीत. दाराच्या खालच्या कडेला भोक पडलं तरी गाडी पास होऊ शकते. पण सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीट बेल्ट जिथे जोडलेले असतात, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत असेल तर नापास. म्हणून शेऱ्यातला गंज कुठला ते बघा. सायलेन्सरला गंज, सोडून द्या. स्प्रिंगला वरवरचा गंज, ठीक. सबफ्रेम, दाराखालचा उंबरठा (इथे त्याला सिल म्हणतात), सीट बेल्टच्या बोल्टजवळ, मागच्या सस्पेन्शनच्या माथ्यावर, असे शब्द आले की कान टवकारा. आणि असा शेरा एकदा येऊन नंतर नाहीसा झाला असेल, तर वेल्डिंग किंवा नवा भाग याचा पुरावा मागा. पुरावा नसेल तर तो गंज आजही तिथेच आहे असं धरून चाला.

ब्रेक पाइपचंही तसंच. एका गाडीच्या इतिहासात लागोपाठ तीन वर्षं ‘ब्रेक पाइप गंजलेला, ग्रीसने झाकलेला’ एवढा एकच शेरा होता. ग्रीस फासलं की पाइप दिसत नाही, म्हणून दरवर्षी कोणीतरी फासत होतं. चौथ्या वर्षी ती माझ्याकडे आली. ब्रेकची ताकद मोजायला चाकं रोलरवर असतात. मी पेडल जोरात दाबलं आणि ते पाय फरशीला टेकेपर्यंत खाली गेलं. मागे जमिनीवर तेलाचं डबकं. पाइप रोलरवर फुटला हे गाडीच्या मालकीणबाईंचं नशीब. मोटरवेवर नाही फुटला. त्या दिवसापासून ‘झाकलेला’ हा शब्द मी दोनदा वाचतो.

मैलांबद्दल. चंदेरीचे मैल २०२०नंतर एकदम कमी झाले याचा अर्थ मीटर मागे फिरवला असाच नाही. घरून काम सुरू झाल्यावर निम्म्या देशाच्या गाड्या उभ्या राहिल्या. मीटर मागे केल्याची ठळक खूण म्हणजे पुढच्या टेस्टला आकडा आधीपेक्षा कमी, आणि तशी खूण इथे नाही. पण हुशार माणूस आकडा कमी होऊ देत नाही, दरवर्षी टेस्टच्या आधी थोडा थोडा मागे घेतो, म्हणजे आकडा वाढतो पण हळूहळू. ते कागदावर पकडता येत नाही, गाडीत पकडता येतं. ६१ हजारांच्या गाडीत क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकचकीत, चालकाच्या सीटची बाहेरची कड बसलेली, असं सगळं एकदम दिसलं तर तो आकडा माझ्या मते खोटा. गाडी पहिली तीन वर्षं एमओटीच्या बाहेर असते हेही विसरू नका. पहिल्या टेस्टच्या आधी मीटर फिरवला असेल तर इतिहासाला त्याचा पत्ताच नसतो. जपानहून आणलेल्या गाड्यांचं तर इथे येण्याआधीचं काहीच दिसत नाही, आणि त्यांचा मीटर किलोमीटरमध्ये असतो, म्हणून आकड्यापुढे मैल लिहिलंय की किलोमीटर तेही बघा.

उलट बाजूही सांगतो. मैल टेस्टर हाताने टाइप करतो, आणि टेस्टर माणूस असतो. संध्याकाळी साडेपाचला मी एकदा ७४ हजारांच्या जागी ४७ हजार टाकले. पुढच्या वर्षी ७९ हजार. मालक गाडी विकायला गेला तेव्हा गिऱ्हाइकाने त्याला चोर ठरवलं, आणि तो माझ्याकडे आला. चूक होती माझी. तेव्हा मधलाच एक आकडा विचित्र आणि आगेमागे सगळे सरळ रेषेत असतील, तर ती बहुतेक टायपिंगची चूक. आकडा खाली येऊन तिथून पुढे नव्या रेषेत चालू लागला, तर मात्र पळा.

डीलरच्या ‘नव्या बारा महिन्यांच्या एमओटी’बद्दल थोडक्यात. विकण्याआधी टेस्ट करून देणं चांगलंच, त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण विकणाऱ्याने, विकायच्या आठवड्यात, त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये केलेली टेस्ट ही तुमच्यासाठी केलेली नाही. लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) हातात असेल तर त्यावरचा अकरा आकडी क्रमांक टाकून प्रत्येक टेस्ट कुठल्या गॅरेजमध्ये झाली ते त्याच संकेतस्थळावर दिसतं. २०२० आणि २०२१मध्ये गॅरेज बदललं का, हे चंदेरीसाठी मला सगळ्यात आधी जाणून घ्यायला आवडेल.

आणि जे एमओटीत नाहीच, त्याची अपेक्षा इतिहासाकडून करू नका. इंजिन आतून कसं आहे, टायमिंग बेल्ट (इंजिनच्या आतल्या भागांची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदलला, क्लच किती उरलाय, गिअर कसे पडतात, एसी चालतो का, यातलं काहीही आम्ही तपासत नाही. क्लच शेवटच्या घटका मोजत असला तरी गाडी पास होते. अडीच हजारांच्या गाडीत टायमिंग बेल्ट हा माझ्या दृष्टीने एमओटीइतकाच मोठा मुद्दा आहे, कारण तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत गाडीच्या किमतीइतकं नुकसान होतं. त्याला सर्व्हिसच्या पावत्या लागतात. गाडीवर कर्ज थकलंय का, ती चोरीची आहे का, विमा कंपनीने ती कधी मोडीत काढली होती का, हेही एमओटीच्या पानावर नसतं. त्यासाठी थोडे पौंड मोजून वेगळी तपासणी करावी लागते. ती कराच.

आता तुम्ही काय करायचं ते. दोन्ही इतिहास फोनवर ठेवा आणि गाडी बघायला दिवसाउजेडी जा. दोघांनाही आधी कळवा की इंजिन थंड असू दे, सुरू करून ठेवू नका. चंदेरीच्या डीलरला ‘क्लीन हिस्टरी आहे ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. विचारा, ‘२०२०ला सबफ्रेमला गंज आणि ब्रेक पाइपचा शेरा होता, त्याचं काम कोणी केलं, पावती दाखवता का?’ त्याने पावती काढली तर माझं वरचं निम्मं लिखाण या गाडीपुरतं रद्द समजा. ‘एमओटी पास आहे म्हणजे ठीकच असणार’ असं म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं. वाकून पुढच्या चाकांच्या मागे टॉर्च मारा. चौदा वर्षांच्या गाडीचं पोट एकसारखं काळं, ताजं, चकचकीत दिसलं तर खूश होऊ नका.

निळ्या गाडीच्या गृहस्थांना २०२२च्या स्प्रिंगबद्दल विचारा. एकच बदलली की जोडीने दोन्ही? जोडीने बदलली असेल तर ते मेकॅनिकचं ऐकणारे आहेत. टायर २०२४ला बदलले, ते कुठल्या दर्जाचे टाकले तेही बघा, आणि चारही टायरची आतली कड हाताने चाचपा. बाहेरून चांगला आणि आतून बोडका टायर म्हणजे व्हील अलाइनमेंट गेलेली, क्वचित कधी चाक कुठेतरी आपटलेलं. त्याच पानावर गाडीचा कंपनी रिकॉल बाकी आहे का तेही तपासा. बाकी असेल तर ते काम कंपनीचा डीलर फुकट करतो.

आणि एक युक्ती, जी मी माझ्या सगळ्या ओळखीच्यांना सांगतो. एमओटीची मुदत शिल्लक असली तरी गाडीची टेस्ट कधीही करता येते. गाडी पसंत पडली तर विकणाऱ्याला म्हणा, ‘मी सांगतो त्या ठिकाणी नवी टेस्ट करू, पैसे मी देतो.’ मोटारीच्या टेस्टचा कमाल दर ५४ पौंड ८५ पेन्स आहे, बरीच गॅरेज त्याहून कमी घेतात. जमलं तर स्थानिक कौन्सिलचं टेस्ट केंद्र शोधा. तिथे कौन्सिलच्या स्वतःच्या गाड्या तपासतात आणि बाहेरच्यांच्याही घेतात, पण बाहेरच्यांची दुरुस्ती सहसा करत नाहीत. त्यामुळे तुमच्या गाडीत दोष शोधून त्यांना काम मिळत नाही आणि दोष लपवून कोणाची गाडी खपत नाही. टेस्टच्या वेळी बघण्याच्या जागी उभे राहा आणि टेस्टर पोटाखाली किती वेळ थांबतो ते बघा. नकोशी जागा दिसली की आम्ही तिथे दुसऱ्यांदा टॉर्च मारतो. मात्र एक धोका आहे, तो विकणाऱ्याला आधीच सांगा. नवी टेस्ट नापास झाली तर तो निकाल कायमचा नोंदवला जातो आणि डेंजरस निघालं तर गाडी तिथून चालवत नेता येत नाही. म्हणूनच काही जण नकार देतात, आणि नकार देणारा प्रत्येक जण लबाड नसतो. अशा वेळी एखाद्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी उचलून बघायला लावा. तो प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा काढून बघेल, जे मला टेस्टर म्हणून करता येत नाही.

माझं मत काय बदलेल तेही सांगतो. निळ्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधीच बदललेला नसेल आणि बदलायची मुदत उलटून गेली असेल, तर ते काम किमतीतून वजा करा, नाही तर सोडा. तिच्या पोटाखाली तुम्हाला नव्याने गंज दिसला, जो शेऱ्यांत नाही, तर २०२४च्या टेस्टरवर माझा विश्वास कमी होईल. चंदेरीच्या पावत्या निघाल्या आणि २०२१च्या आधी आणि नंतर गॅरेज एकच असेल, तर मात्र मी बाजू बदलीन. कमी चाललेली, नीट दुरुस्त झालेली गाडी कोणाला नको असते.

शनिवारी जाणार असाल तर आधी निळी बघा. डीलरकडची गाडी रविवारीही तिथेच असेल.